एकवीस चेंडू



नोकरींत असतांना दुसऱ्या मास्तरांच्या वर्गावर बदली म्हणून जाण्याचा मला फार कंटाळा असे. मुलें ओळखीचीं नसत, धडा अर्धवट असे, आणि वर्ग शांत राहिला तरी त्याचें श्रेय मूळच्या मास्तरांना! या बदलीच्या कामालाच मान मिळवून देणारा एक जपानी बेसबॉलपटु होऊन गेला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव युताका एनात्सु.

क्रिकेटांत गोलंदाज षटकागणिक बदलतात व पुन्हां चेंडू हातीं घेतात. बेसबॉलमध्यें चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, एकट्यानें फेकीत राहतो. थकून मैदानाबाहेर गेला कीं त्या सामन्यांत त्याला परत येतां येत नाहीं. मग येतो बदली पिचर.

एनात्सु हा हान्शिन टायगर्सचा डावखुरा पिचर. १९६८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें एका हंगामांत ४०१ फलंदाजांना चकवून बाद केलें. जपानांतील तो उच्चांक अद्यापि अबाधित आहे. पुढें हात दुखूं लागला. १९७६ सालीं त्याला नानकाई हॉक्सकडे देण्यांत आलें. तेथील नायक कात्सुया नोमुरा यानें त्याला सुचविलें कीं, त्यानें आतां फक्त अखेरचे डाव सांभाळावे. मानी माणसाला तें कसें रुचावें? तेव्हां आपण बेसबॉलमध्यें क्रांति घडवूं, असें नोमुरानें त्याला म्हटल्याचें सांगतात. एनात्सु तयार झाला.

पुढें तो हिरोशिमा कार्पकडे आला. ४ नोव्हेंबर १९७९, ओसाका. किंतेत्सु बफेलोजविरुद्ध अजिंक्यपदाचा सातवा सामना. नववा डाव, कार्प ४, बफेलोज ३. पाहतां पाहतां तिन्ही टप्प्यांवर बफेलोजचे धावपटु उभे राहिले, आणि बाद एकहि नाहीं! एक धाव झाली कीं बरोबरी, दोन झाल्या कीं पराभव. इतक्यांत एनात्सुला दिसलें कीं, कार्पच्या व्यवस्थापकानें दुसऱ्या पिचरांना तयारी करावयास लाविलें आहे. त्याला तें झोंबलें. तेव्हां पहिल्या टप्प्यावरून साचिओ किनुगासा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला कीं, तूं खेळ सोडलास तर मीहि सोडीन.

एनात्सु शांत झाला. सासाकी बाद झाला. नंतर इशिवाता आला. चेंडू हळूच टेकवून तिसऱ्या टप्प्यावरील गड्याला घरीं आणावयाचा बफेलोजचा बेत होता. एनात्सुचा हात फिरत असतांनाच हा बेत उघड झाला आणि यष्टिरक्षकाच्या जागचा गडी उठून उभा राहिला. वळणाऱ्या चेंडूची पकड तशीच ठेवून एनात्सुनें चेंडू उंच, बाहेर टाकला. फलंदाजाची बॅट पोंचली नाहीं, आणि धांवत आलेला गडी मध्येंच पकडला गेला. चेंडू हातून निसटला असावा, असें इशिवाताचें म्हणणें पडलें. मला तें पटत नाहीं. निसटलेला चेंडू नेमका उभ्या राहिलेल्या गड्याच्या हातीं कसा जाईल? मग इशिवाताहि चकला. त्या डावांतील तो एकविसावा चेंडू. कार्पला प्रथमच जपानचें अजिंक्यपद मिळालें. बफेलोजला तें २००४ सालीं संघ विलीन होईपर्यंत लाभलें नाहीं, याचें मात्र वाईट वाटतें.

त्या वर्षीं, आणि पुढें १९८१ सालीं निप्पॉन हॅम संघांत, एनात्सु आपल्या लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. दोन्ही लीगांत हा मान मिळविणारा तो पहिलाच. कारकीर्दींत त्यानें २०६ सामने जिंकले, आणि इतरांनीं जिंकत आणलेले १९३ सामने शेवटास सुखरूप नेले.

१९८५ सालीं, छत्तिसाव्या वर्षीं, तो अमेरिकेंत मिलवॉकी ब्रूअर्सच्या सराव-शिबिरांत नशीब अजमावण्यास गेला. तेथें निवड झाली नाहीं, आणि त्याचें खेळणें संपलें.