सड्यावरचा दवबिंदू आणि आमची लोणच्याची बरणी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी मी सोसायटीच्या इतिहासावर बोलेन, अशी कमिटीची अपेक्षा असावी. पण माझ्या गॅलरीतल्या बरण्यांबद्दल एवढ्या जणांनी विचारलं आहे, की म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं. परवाच खालच्या मजल्यावरच्या वहिनी बरणीत डोकावून म्हणाल्या, "अण्णानू, ह्या झाडाक मगे बांगडो घालूया काय?"

नाही वहिनी, बांगडा नको! या झाडाचं नाव दवबिंदू. पावसाळ्यात आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर ते उगवतं. बोटाएवढं झाड. पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दव समजून चिलट येतं आणि अडकतं. जवळच निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं असतात. तीही कीटकभक्षीच, पण त्यांचे सापळे ओल्या मातीत लपलेले, बारीक फुग्यांसारखे. कास पठारावर हीच फुलं बघायला आपण गाडी करून जातो.

झाडाला किडे कशाला लागतात? सड्यावर माती जेमतेम इंचभर आणि त्यातलं नत्र पाऊस धुऊन नेतो. ती कमतरता झाड किड्यांतून भरून काढतं. अन्न मात्र इतर झाडांसारखं उन्हावरच तयार करतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर पगार उन्हाचा, किडा हा बोनस. चार्ल्स डार्विननं 1875 साली अशा झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात निम्म्याहून अधिक भाग दवबिंदूच्या कुळाचाच आहे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नातू सुट्टीला आला होता. आम्ही दोघांनी सड्यावरून सहा झाडं उपटून आणली. बरणीत बागेतली माती, थोडं शेणखत, वर नळाचं पाणी, झाकण घट्ट आणि बरणी उन्हात. पंधरा दिवसांत सहाही काळी पडली. नातू म्हणाला, "आजोबा, ती तिथे बरी होती ना?" मला उत्तर देता आलं नाही.

मग वाचलं, जाणकारांना विचारलं, तेव्हा कळलं की एकही गोष्ट आम्ही बरोबर केली नव्हती. खतानं या झाडांची मुळं जळतात. बंद काचेत ऊन कोंडून झाड शिजतं. आणि मुख्य दोष पाण्याचा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, बादलीवरचा पांढरा थर सगळ्यांना माहीत आहे. पाणी उडून जातं, क्षार मातीत साठत जातात, म्हणजे चक्रवाढ व्याजच! या झाडांना पावसाचं पाणी हवं. मीटरवर टीडीएस 50 च्या आत असलेलं बरं. मी आपल्या बोअरचं मोजलं, ते 480 भरलं.

आता माझी पद्धत, स्वस्तातली. दह्याच्या प्लास्टिकच्या डब्याला तळाला चार-पाच भोकं पाडायची. त्यात दोन भाग कोकोपीट, एक भाग नदीची जाड वाळू. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून पावसाच्या पाण्यात पाच-सहा वेळा भिजवून पिळायचं. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठही आणि शिंपल्यांचा चुनाही. हा डबा रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरणीत ठेवायचा आणि बरणीत अर्धा इंच पाणी. वरून ओतायचं नाही, थेंब धुऊन जातात. डबा खालून पाणी ओढून घेतो. बी वरच पसरायचं, मातीखाली पुरायचं नाही. रुजेपर्यंत तोंडावर प्लास्टिक, नंतर उघडं. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नको. किडे आपण घालायचे नाहीत, ते आपले आपण येतात. मात्र घरातले डास हे झाड संपवील, अशी आशा नको! सगळा खर्च साडेतीनशेच्या आत.

झाडं मात्र उपटून आणायची नाहीत. हे दवबिंदू एका पावसाळ्याचे. पाऊस गेला की बी टाकून सुकतात, आणि ते बी हीच सड्याची पुढच्या वर्षाची ठेव. फुलाआधी झाड उपटलं की मुद्दलच काढलं म्हणायचं. मी जागेच्या मालकाला विचारून दोन पिकलेली बोंडं आणली, तेवढ्यावर आज चौथी पिढी चालू आहे. पाकिटावर तारीख घालून बी ठेवलंय. ज्याला हवं त्यानं न्यावं, व्याज लागणार नाही.

शेवटी दोन विनंत्या. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक चौरस मीटर गच्चीवर 3000 लिटर. तो सगळा गटारात जातो. गच्चीच्या एका पाइपाखाली कमिटीनं एक पिंप बसवावं, तोंडाला घट्ट कापड बांधून, म्हणजे डास होणार नाहीत. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यावेत, गच्ची धुऊन निघते.

दुसरी विनंती पालकांना. चिरेखाणी आणि कलमबागा यांत सडे भराभर संपताहेत. आपल्यापैकी बहुतेकांची घरं चिऱ्याचीच, बागाही आपल्याच, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? पण "सडा म्हणजे पडीक जमीन" असं निदान मुलांसमोर तरी म्हणू नका. श्रावण-भाद्रपदात एका रविवारी त्यांना तिथे न्या, गुडघ्यांवर बसवा आणि दवबिंदू दाखवा. नातू यंदा येतोय. या वेळी आम्ही फक्त बघून येणार आहोत.