घरचा संगणक : जपणूक, लिपी आणि किल्ली

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठी दिलेले व्याख्यान)



तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीतील मोडी कागदपत्रांचे मोठे भांडार आहे. कागद टिकले आहेत. ते वाचू शकणारी माणसे मात्र मोजकीच उरली आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतही जुन्या ट्रंकेतून कधी मोडीतले खरेदीखत निघते, कधी जमाखर्चाची वही निघते, आणि ती वाचून दाखवील असे माणूस साऱ्या शहरात सापडत नाही. ठेवा हाती असतो, पण त्याचा अर्थ हरवलेला असतो.

आजच्या घराची ट्रंक म्हणजे संगणक. लग्नामुंजीची छायाचित्रे, घराचे दस्तऐवज, मुलांची गुणपत्रके, आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या पाककृती, निवृत्तीनंतर वडिलांनी टंकलेल्या आठवणी हे सारे त्यात साठलेले असते. म्हणून संगणक कोणत्या कंपनीचा घ्यावा, त्याचा वेग किती असावा, या प्रश्नांपेक्षा तीन प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारणे अधिक अगत्याचे आहे. आतला ठेवा टिकेल का? तो पुढे वाचता येईल का? आणि तो योग्य माणसालाच उघडता येईल का?

पहिला प्रश्न टिकण्याचा. हार्ड डिस्कच्या पोटात अतिवेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात. ते यंत्र आहे, आणि प्रत्येक यंत्र कधी ना कधी थांबते. पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तू आहे. ती साठवणीची तिजोरी नव्हे. यावरचा सर्वमान्य उपाय ‘तीन-दोन-एक’ या नावाने ओळखला जातो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. मूळ प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडण्याच्या डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा परगावी राहणाऱ्या लेकीच्या घरी, अशी व्यवस्था कोणत्याही मध्यमवर्गीय घराला परवडण्यासारखी आहे.

येथे दोन सूचना ध्यानात घ्याव्यात. संगणक आणि मोबाइल परस्परांशी जुळवून ठेवणारी सेवा म्हणजे प्रत नव्हे. अशा सेवेत एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र दुसऱ्या ठिकाणचेही पुसले जाते. दुसरी सूचना अशी की, प्रत घेऊन झाली की डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील असंख्य संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. अशा विषाणूच्या तडाख्यात संगणकाला जोडलेली डिस्कही सापडू शकते. वायर काढून ठेवलेली डिस्क मात्र सुरक्षित राहते. याच विषाणूवरचा उतारा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो वेळीच बसवला, त्यांचे संगणक वाचले. ‘अद्ययावत करा’ अशी संगणकाची सूचना दररोज उद्यावर ढकलणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवावे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ती ज्यांच्या घरी अद्याप आहे, त्यांनी पुढील प्रणालीचा विचार लवकर करावा.

प्रत कधी घ्यावी? ज्या घरात संकष्टी चतुर्थी विसरली जात नाही, त्या घराने तीच तिथी नेमावी. महिन्यातून एकदा, चंद्रोदयाची वाट पाहता पाहता, हे काम सहज उरकते. प्रत घेतल्यावर तिच्यातील दोन-तीन फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही न मोजता गाठीला मारलेल्या पैशासारखी असते.

फाइलींना नावे देण्याचीही एक शिस्त आहे. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशा नावांनी चार महिन्यांत गोंधळ माजतो. नावाच्या आरंभी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२४-०६-१५ वीजबिल’. असे केल्यास संगणक सर्व फाइली आपोआप कालक्रमाने लावतो.

दुसरा प्रश्न वाचता येण्याचा, आणि मराठी माणसाला तो विशेष जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत लिहिला जाई. त्या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कृतिदेव टंकात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये नोंद असते रोमन ‘डी’ची. तो टंक नसलेल्या संगणकावर हीच फाइल उघडली, तर आजोबांच्या आठवणींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. ही आपल्या काळातली मोडीच होय. फरक एवढाच की, मोडी अवाच्य होण्यास काही पिढ्या लागल्या; येथे वीस वर्षे पुरतात.

आपली जुनी फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखणे सोपे आहे. मजकुराचा एक परिच्छेद निवडून त्याला ‘मंगल’ हा युनिकोड टंक लावावा. देवनागरी कायम राहिली तर चिंता नाही. रोमन अक्षरे उमटली तर रूपांतर करणे आवश्यक आहे. त्यासाठी परिवर्तक मिळतात. मात्र रूपांतरानंतर मजकूर ओळीओळीने वाचावा, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार यांची जागा अनेकदा चुकते. मूळ फाइल टाकून देऊ नये. ज्या संगणकावर ती नीट दिसते, तेथेच तिची पीडीएफ प्रतही करून ठेवावी.

नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवण्याची सोय आरंभाला बरी. परंतु मुलांना ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शिकवणे अधिक हिताचे आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. महाराष्ट्राबाहेरील मुलांसाठी त्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. प्रमुख भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी मूलतः एकच आहे. मराठी ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर गुजराती, बंगाली, कन्नड आणि तेलुगू ‘क’ आहे. घरची मराठी शिकताना बोटांना जी सवय लागते, ती राहत्या प्रांताच्या भाषेलाही उपयोगी पडते. मातृभाषेचा अभ्यास परभाषेच्या वाटेत येतो, असे मानणाऱ्या पालकांना हा कळफलकच उत्तर देईल.

तिसरा प्रश्न किल्लीचा. एकच पासवर्ड सर्वत्र वापरणे म्हणजे घर, दुकान आणि तिजोरी यांना एकच चावी ठेवणे. तीही जन्मतारखेची असेल, तर चावी दारातच टांगल्यासारखे होते. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखण्यास कठीण असतो. ई-मेल आणि बँक यांना वेगवेगळे पासवर्ड असावेत आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. पाठ होत नसतील तर ते वहीत लिहून ती कुलपात ठेवण्यास हरकत नाही; संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठी डकवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

चोराला दार उघडू नये, हे जितके खरे, तितकेच वारसाला ते उघडता यावे, हेही खरे. घरातील कर्ता माणूस अचानक गेल्यावर वर्षानुवर्षांची छायाचित्रे कुलपाआड राहतात, हे दुःख टाळण्याजोगे आहे. गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. आपण नेमलेला काळ खाते वापरात नसेल, तर नेमलेल्या व्यक्तीला त्यातील माहिती मिळू शकते. ॲपलच्या खात्यातही वारस नेमता येतो. मृत्युपत्राइतक्याच शांत मनाने हे काम करावे.

आणि शेवटी फसवणूक. आपल्याकडे म्हणतात, विश्वास पानिपतावर गेला! अनोळखी आवाजाच्या बाबतीत हे वचन आजही पाळावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागणारा पैसे काढू पाहत असतो. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही; व्हिडिओ कॉलवरून कोणालाही अटक होत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाचा ताबा मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो देऊ नये. त्याने घाई केली की आपण थांबावे. त्याने ‘कोणाला सांगू नका’ म्हटले की घरात मोठ्याने सांगावे. तरीही पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज देशोदेशी आहेत आणि त्यांचे आईवडील पुष्कळदा घरी एकटे आहेत. पुढच्या भेटीत मिठाईच्या पुड्याबरोबर एक डिस्क न्यावी आणि एक दुपार त्यांच्या शेजारी बसावे. कळ आपण दाबू नये. त्यांच्या हातून दाबून घ्यावी, चुकली तर पुन्हा दाबू द्यावी. याच वर्गांत कोणीतरी त्यांच्या मुलांचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला होता, तेव्हा घाई केली नव्हती. तो धीर आता परत करण्याची वेळ आली आहे.