झोत एक, कामं तीन

मी बी.ए. झालो मराठी घेऊन आणि पोटासाठी शिरलो एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. कवितेच्या वहीइतकंच स्टोअरचं रजिस्टर माझ्या हाताखालून गेलं आहे. त्या रजिस्टरमधल्या एका वस्तूविषयी आज बोलतो. हा एक पंप आहे, पण त्याला ना मोटर, ना पिस्टन, ना पंखा. त्याचं नाव इजेक्टर.

नाव परकं वाटलं तरी ओळख जुनी आहे. पंपाचा स्टोव्ह आठवा. रॉकेलच्या वाफेची बारीक धार जोरानं सुटते आणि जाता जाता आजूबाजूची हवा ओढून नेते. बोअरच्या जेट पंपात तेच काम पाणी करतं. वरून ओढून पाणी सात-आठ मीटरच्या पलीकडून सहसा येत नाही, म्हणून थोडं पाणी परत खाली पाठवून नोझलमधून सोडतात. तो झोत शेजारच्या पाण्याला सोबत घेऊन वर निघतो. झोत वेगात असला की तिथला दाब घटतो आणि शेजारचं त्याच्याकडे खेचलं जातं. एवढीच त्याची विद्या.

पण या विद्येत एक अडचण आहे. भरपूर हवा झटपट काढणं वेगळं आणि थोडीशी उरलेली हवा काढून व्हॅक्यूम खोल नेणं वेगळं. एका नोझलला दोन्ही नीट जमत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात व्हॅक्यूम ब्रेक होते, तेव्हा यावर सरळ तोड काढलेली होती. एकाच खोक्यात दोन इजेक्टर बसवत. ब्रेक सोडवायचे तेव्हा मोठा चालवायचा. एकदा पाऱ्याच्या २० इंचांच्या आसपास व्हॅक्यूम झाला, की वाटभर तो टिकवायचं काम धाकट्याकडे. कोणता कधी, हे ड्रायव्हरचा हात ठरवी.

कारखान्यात ड्रायव्हर कुठून आणायचा? पॅकिंगच्या लाइनवर रबरी वाट्या खोकी उचलतात, एका मिनिटात कितीतरी वेळा. वाटीतली हवा काढायला इजेक्टर लागतो आणि तो चालतो कॉम्प्रेसरच्या हवेवर. ही हवा फुकट नसते, तिचं विजेचं बिल येतं. साध्या इजेक्टरमध्ये झोत एकदा काम करतो आणि अंगात वेग शिल्लक असतानाच बाहेर पडतो. १९७०च्या दशकात स्वीडनमधल्या पिआब कंपनीनं तोच झोत पुन्हा कामाला लावला. नोझलं एकापुढं एक ठेवली, प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा मोठं. दोन नोझलांमधल्या फटीतून झोत नवी हवा ओढतो आणि आणखी भरून पुढं सरकतो. प्रत्येक कप्प्याच्या दाराशी रबराची पातळ झडप. सुरुवातीला सगळी दारं उघडी, हवा धो-धो निघते. वाटीतला दाब शेवटच्या कप्प्यापेक्षा खाली गेला की ते दार आपोआप मिटतं, मग त्याच्या आधीचं. शेवटी पहिलं, सर्वांत बारीक नोझल एकटं खोल व्हॅक्यूम ओढत राहतं. हात लावायला नको. मला ही रचना फार देखणी वाटते.

पण आमच्याकडे ती आली चौकोनी ठोकळ्याच्या रूपात. आत भिंती घालून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्याला वेगळी झडप, झाकणाखाली गॅस्केट, वर बारीक स्क्रूंची रांग. कागदी पुठ्ठ्याची धूळ आत गेली की झडप पूर्ण मिटत नसे, पुढच्या कप्प्यातली हवा उलटी वाटीत शिरे आणि खोकी पडू लागत. मग लाइन बंद, आणि सुपरवायझरची पहिली हाक फिटरला. आमचे फिटर चाचा कंत्राटी होते. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात नखाएवढी झडप. उशीर झाला तर त्यांचा अर्धा रोज कापला जाई. ठोकळ्याचं चित्र काढणाऱ्या माणसाचा कुणी कापला नाही.

पुढं या पंपाची रचना साधी झाली, ती कशी ते ऐकण्यासारखं आहे. नवं तत्त्व काही आलं नाही. नोझलं गोल करून एकमेकांत अडकतील अशी केली, की त्यांचं एक नळकांडं होतं. मधल्या फटी त्याच्या अंगावरच्या खिडक्या झाल्या. खिडक्यांना सुट्या झडपांऐवजी लवचीक रबरी कडी, कप्प्याच्या खिडक्या ती एकटीच उघडते-मिटते. नळकांडं सरळ भोकात सरकवायचं, भोकाची भिंत हीच पंपाची भिंत. स्क्रूंची रांग गेली आणि वेगळी पेटीही गेली. गझल लिहिणाऱ्याला हे कळायला वेळ लागत नाही. भरतीचा शब्द काढला तर शेर उणा होत नाही, मात्र उरलेल्या शब्दांना त्याचंही काम उचलावं लागतं.

याची दुसरी बाजूही आहे. ठोकळ्यात दोन पैशांची झडप बदलून भागे, इथं वेळप्रसंगी अख्खं नळकांडं बदलावं लागतं. आमच्या खरेदी विभागानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. किंमत सांगताना त्यांनी बंद लाइनचे तास धरले नव्हते, आणि चाचांचे अर्धे रोज तर कुठल्याच रजिस्टरात नव्हते.

चाचांची मागणी याहून लहान होती. जुनी झडप घाईत उलटी बसायची आणि सगळं पुन्हा खोलावं लागायचं. उलटी बसूच नये अशी करा, एवढंच ते म्हणत. आमच्याकडे आलेलं नळकांडं एका टोकाला निमुळतं होतं. चाचांनी पहिल्या दिवशी ते मुद्दाम उलटं घालून पाहिलं. गेलं नाही.