साखरेची वही आणि बीपीचा रकाना

मधुमेहाची मंडळी तपासणीला येतात तेव्हा पुष्कळांच्या हातात एक वही असते. मुलाने किंवा सुनेने रेघा मारून दिलेली. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, आणि मधल्या पानात घडी घालून ठेवलेला तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट. फार काळजीने लिहिलेली असते ही वही. १२८, १३५, मग घरातल्या लग्नानंतरची २१०, तिच्याखाली लाल शाईची रेघ. मी वही वाचतो आणि विचारतो, "आणि बीपी?" उत्तर ठरलेलं, "बीपी नाही हो मला, डॉक्टर. फक्त शुगर आहे." "शेवटचं कधी मोजलं होतं?" मग नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे.

आज मला या वहीत नसलेल्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. साखर आणि रक्तदाब हे दोन वेगळे आजार आहेत आणि काही कमनशिबी माणसांच्या वाट्याला दोन्ही येतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. मधुमेह असलेल्या माणसाला अर्धांगवायूपासून आणि डायलिसिसपासून वाचवायचं असेल, तर साखरेवर जेवढा जीव टाकतो तेवढाच बीपीवरही टाकायला हवा.

सुरुवात इन्शुलिनपासून करू. रक्तातली साखर पेशींत पोचवणं हे त्याचं काम आपल्याला माहीत असतं. पण इन्शुलिन मूत्रपिंडालाही एक निरोप देत असतं, मीठ धरून ठेव, लघवीतून जाऊ देऊ नकोस. वजन वाढलं, पोट सुटलं, हालचाल कमी झाली की स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. स्नायू बहिरे झालेले असतात, मूत्रपिंडाला मात्र चांगलं ऐकू येत असतं. ते मीठ धरून ठेवतं, मिठाबरोबर पाणी राहतं, आणि रक्तवाहिन्यांवरचा भार वाढतो. इन्शुलिनचा एरवी रक्तवाहिन्या सैल करण्याकडेही कल असतो. नेमका तो गुण या अवस्थेत बोथट होतो. त्यात नाडीचे ठोके वाढवणाऱ्या मज्जातंतूंनाही जास्तीच्या इन्शुलिनने चेव येतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळं चालू असताना साखरेचा रिपोर्ट 'नॉर्मल' असू शकतो. जास्तीचं इन्शुलिन साखरेला कसंबसं आवरून धरत असतं, आणि त्याची किंमत बीपी मोजत असतं. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान, म्हणजे मधुमेहाच्या १२६ च्या रेषेखालीच, तरीही बीपी वर सरकायला लागलेलं, अशी माणसं आम्हाला रोज दिसतात. उलट दिशेनेही तसंच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. बीपी वाढलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे अडीचपट निघालं. स्टॅनफर्डचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ सालीच एका व्याख्यानात हे धागे एकत्र बांधले होते. साखर, बीपी आणि रक्तातली चरबी यांच्या मुळाशी इन्शुलिनला न जुमानणं हे एकच कारण आहे, असं त्यांनी मांडलं आणि त्या गाठोड्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं.

मूत्रपिंडातली एक गोष्ट जरा जवळून दाखवतो. आपल्या मूत्रपिंडाच्या चाळणीतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर खाली उतरते आणि निरोगी माणसात ती जवळजवळ सगळी परत रक्तात घेतली जाते. ती परत आणणारे वाहक नलिकांच्या भिंतीत बसलेले असतात. फुगडीला दोघी लागतात, एकटीने ती होत नाही; तसा हा वाहक साखरेचा कण एकटा आत घेत नाही, त्याच्या जोडीला सोडियम लागतंच. रक्तात साखर जास्त, म्हणजे खाली उतरणारी साखर जास्त, म्हणजे परत येणारी साखर जास्त आणि तिच्याबरोबर परत येणारं सोडियमही जास्त. 'ग्लिफ्लोझिन' नावाने संपणारी नवी औषधं हाच वाहक अडवतात. ती दिली साखरेसाठी, पण वरचं बीपीही तीन ते पाच अंकांनी उतरतं असं दिसून आलं. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती गोळी कुणी परस्पर सुरू करू नये. तिचे स्वतःचे धोके आहेत, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग हा त्यातला नेहमीचा.

दुसरी वाट रक्तवाहिनीच्या भिंतीची. तीन महिन्यांच्या रिपोर्टमध्ये आपण मोजतो ती हिमोग्लोबिनला चिकटून बसलेली साखर. ती फक्त हिमोग्लोबिनला चिकटते असं नाही. धमनीच्या भिंतीतल्या कोलॅजेनलाही ती तशीच चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवसांत मरते आणि तिच्याबरोबर ती साखरही जाते. कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतं. साखर चिकटून चिकटून त्याचे धागे एकमेकांत अडकतात, धमनी ताठर होते आणि वरचं बीपी चढतं. पुढे मूत्रपिंडाची चाळणीच खराब झाली, की ते दुखावलेलं मूत्रपिंड स्वतःच बीपी आणखी वाढवतं. इथून मागे फिरणं फार अवघड असतं.

"पण डॉक्टर, मी तर बारीक आहे," असं कुणाच्या मनात आलं असेल. त्यांच्यासाठी पुण्याचीच गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचाही अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, हातपाय काटकुळे, पण चरबी टिकून राहिलेली आणि नाळेच्या रक्तात इन्शुलिन जास्त. म्हणजे आपल्याकडे ही कहाणी आईच्या पोटातच सुरू होते, आणि वजनकाटा ती सांगत नाही. कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजन कितीही असो, साखर आणि बीपी दोन्ही तपासायला हवं.

आता ज्या अभ्यासामुळे मी आज हे इतक्या आग्रहाने बोलतो आहे, त्याकडे येतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्याने मधुमेह सापडलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. डॉक्टर मंडळी त्याला यूकेपीडीएस म्हणतात. त्यातल्या बीपी वाढलेल्या १,१४८ जणांचे दोन गट केले होते. एका गटाचं बीपी जास्त कसोशीने सांभाळलं, दुसऱ्याचं बेताने. शेवटी फरक पडला तो एवढाच: पहिल्या गटात सरासरी १४४/८२, दुसऱ्यात १५४/८७. वरच्या आकड्यात दहाचा फरक. आपण दहाला कुठे मोजतो? "थोडंसं जास्त आहे," म्हणून सोडून देतो. पण १९९८ साली निकाल आले तेव्हा त्या दहाच्या फरकाने अर्धांगवायू ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झालेले होते. डोळे आणि मूत्रपिंडं यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकारही ३७ टक्क्यांनी घटले होते.

या अभ्यासाचा पुढचा भाग लोकांपर्यंत कमी पोचला आहे. अभ्यास संपल्यावर ही माणसं आपापल्या डॉक्टरांकडे परत गेली आणि दहा वर्षं त्यांची माहिती ठेवली गेली. त्यात साखरेसाठीही असेच दोन गट होते. साखर सुरुवातीला नीट सांभाळलेल्यांना पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही फायदा मिळत राहिला. ती जणू त्यांची शिल्लक होती. बीपीचं तसं झालं नाही. दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं आणि कमावलेला फायदा ओसरत गेला. बीपीला शिल्लक नसते. "आता बीपी बरोबर आहे, गोळी बंद केली," असं सांगत कुणी समोर बसलं की माझ्या डोळ्यांसमोर हे निकाल येतात. बीपी बरोबर आहे ते त्या गोळीमुळे. गोळी जन्माची लागू होते अशी भीती असते, ती मला कळते. पण औषध नको म्हणून आजार थांबत नाही. वजन उतरलं, चालणं वाढलं, मीठ कमी झालं की मात्रा कमी करता येते, ती डॉक्टरांना विचारून.

मिठावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मधुमेह कळला की घरात पहिल्यांदा साखरेचा डबा वर जातो. चहा बिनसाखरेचा होतो, सणाला पुरणपोळी अर्धीच. आणि ती हौस भागवायला बशीत काय येतं? फरसाण, भडंग, खारे शेंगदाणे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीला हात आडवा करणारा माणूस दुसरा पापड मात्र आनंदाने घेतो, वर लोणचं. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात पापड-लोणचं आलं, ताकातलं मीठ आलं, बेकरीची खारीही आली. सैंधव मीठ चालतं असा एक समज पसरला आहे. तेही सोडियम क्लोराइडच आहे. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ आजपासून बंद करा, एवढ्यानेही सुरुवात होते.

बीपी मोजण्याबद्दल. जिना चढून आल्या आल्या, उभ्या उभ्या, शर्टाच्या बाहीवर पट्टा गुंडाळून मोजलेलं बीपी विश्वासाचं नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू काही नको. गावाकडच्या बायकांना मी मुद्दाम विचारतो, सकाळची मिश्री कधी लावली होती? मिश्रीही तंबाखूच आहे आणि तिने बीपी चढतं. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर ते वाढलेलं समजायचं. मधुमेह असेल तर बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत आणायचा प्रयत्न असतो. जुना मधुमेह असेल तर उभं राहूनही मोजायला सांगा. नसा कमजोर झाल्या की उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस-वीसने उतरतो, रात्री लघवीला उठलेलं माणूस कोसळतं, आणि घरचे समजतात पाय घसरला.

आणखी एक तपासणी मागून घ्या, लघवीतल्या अल्ब्युमिनची. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं. लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी खूण देतं, आणि त्या वेळी योग्य बीपीच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बरीच वर्षं वाचवता येतं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी.

तिशी ओलांडलेल्या सर्वांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा "आम्हाला काही होत नाही" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. घरात एकाला मधुमेह असेल तर त्याच्या भावंडांना आणि मोठ्या मुलांनाही त्याच दिवशी बरोबर न्या. बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात, साखरेला बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब.