घानाची वाढती नगरे : संधी कोणाची, भार कोणावर?



आफ्रिका खंडाविषयीचे सर्वसामान्य चित्र आजही अरण्ये, दुष्काळ आणि यादवी यांच्यापलीकडे फारसे जात नाही. वस्तुस्थिती मात्र झपाट्याने पालटली आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील घाना हा देश 6 मार्च 1957 रोजी ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. 1960 च्या जनगणनेनुसार तेथील जेमतेम 23 टक्के लोक नगरांत राहत होते. 2010 मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. 2021 च्या जनगणनेत तीन कोटी आठ लाख लोकसंख्येपैकी सुमारे 57 टक्के लोक नगरवासी असल्याचे आढळले. दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत एका कृषिप्रधान समाजाने नगरांची वाट धरली. या स्थित्यंतराने त्या समाजाला काय दिले आणि त्याचे मोल कोणाकडून वसूल केले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम संधींचा विचार केला पाहिजे. कारण नगर म्हणजे केवळ बकालपणा, हा समज अन्यायाचा आहे. राजधानी आक्रा आणि आशांती प्रदेशातील कुमासी ही घानाच्या अर्थव्यवहाराची दोन केंद्रे. कुमासीचा केजेतिया बाजार पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या बाजारांत गणला जातो. तेथील व्यापार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती आहे. टोमॅटो, कंद, कापड अशा एकेका मालाच्या विक्रेत्या स्त्रिया आपल्यातील एकीला प्रमुख म्हणून निवडतात. तिला त्या ‘राणी’ म्हणतात. ती भावाचे तंटे मिटवते, अडलेल्या सहकारिणीच्या मदतीला धावते. नगरात मिळवलेला पैसा मोबाइलच्या आधारे त्याच दिवशी खेड्यातील घरी पोहोचतो. 1991-92 ते 2012-13 या काळात घानातील दारिद्र्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्यात नगरांतील रोजगाराचा वाटा निश्चितच आहे.

तथापि, नगराकडे येणारा प्रत्येक जण सारख्याच कारणाने येत नाही. घानाच्या दक्षिणेत वर्षातून दोनदा पाऊस पडतो; उत्तरेकडील गवताळ प्रदेशात एकदाच. उरलेले अनेक महिने तेथे शेतीचे काम नसते. त्यात वसाहतकाळातील धोरणाची भर पडली. ब्रिटिशांनी कोको आणि सोने बंदरापर्यंत नेण्यासाठी लोहमार्ग घातले. ते 1903 मध्ये कुमासीला पोहोचले आणि तेथून उत्तरेला गेलेच नाहीत. दक्षिणेच्या खाणींना आणि मळ्यांना मजूर पुरवणे, एवढेच काम उत्तरेच्या वाट्याला आले. सत्ता पालटली तरी या प्रवाहाची दिशा पालटली नाही.

या प्रवाहातील सर्वांत दुर्बळ घटक म्हणजे ‘कायायेई’. हौसा भाषेतील ‘काया’ म्हणजे ओझे आणि आक्राच्या मूळ गा समाजाच्या भाषेतील ‘येई’ म्हणजे स्त्रिया. उत्तरेतून आलेल्या या मुली डोक्यावर मोठी घमेली घेऊन बाजारात गिऱ्हाइकांचे सामान वाहतात. अनेकींचे शिक्षण अर्धवट सुटलेले असते. लग्नासाठी भांडीकुंडी किंवा शिवणयंत्र घेण्याइतके पैसे साठवावेत आणि परतावे, एवढीच अनेकींची आकांक्षा असते. पुष्कळ जणी रात्री दुकानांच्या पायऱ्यांवर किंवा ओल्ड फादामासारख्या वस्तीतील एका खोलीत दाटीवाटीने झोपतात. या मुलींकडूनही बाजारकर घेतला जात असे. तो रद्द करण्याची घोषणा 2017 च्या अर्थसंकल्पात करावी लागली.

त्यांना निवारा का मिळत नाही, याचे उत्तर भूमिव्यवस्थेत आहे. घानातील सुमारे 80 टक्के भूमी सरकारची नसून परंपरेने राजासने, कुळे आणि घराणी यांच्या स्वाधीन आहे. खेड्यात या व्यवस्थेने दुर्बळालाही शेताचा तुकडा दिला. नगरात भूमीला सोन्याचा भाव आला आणि एकच भूखंड दोघा-तिघांना विकला जाऊ लागला. भूखंड राखण्यासाठी दंडेली करणाऱ्या टोळ्या माजल्या. 2019 मध्ये त्यांनाही बंदी घालणारा कायदा करावा लागला. भाड्याच्या घरांचीही तीच कथा. सहा महिन्यांहून अधिक भाडे आगाऊ घेऊ नये असे 1963 चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात दोन-दोन वर्षांचे भाडे एकरकमी मागितले जाते. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याने ते कोठून आणावे? मग तो नाल्याच्या काठी छप्पर घालतो.

याचा परिणाम 3 जून 2015 च्या रात्री जगाने पाहिला. मुसळधार पावसाने आक्रा जलमय झाले. एन्क्रुमा चौकाजवळच्या पेट्रोल पंपावर अनेकांनी आसरा घेतला होता. पुराच्या पाण्यावर इंधन पसरले, त्याने पेट घेतला आणि आग व पूर मिळून दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पाऊस निसर्गाचा होता. पण कचऱ्याने तुंबलेली गटारे आणि आक्रसलेले ओडॉ नदीचे पात्र ही माणसाची करणी होती.

मग पूर्वनियोजन हाच उपाय नव्हे काय? घानाने तोही प्रयोग केला आहे. आक्राच्या पूर्वेस तेमा हे बंदर 1962 मध्ये सुरू झाले. त्यासोबतच्या नव्या नगरासाठी 160 चौरस किलोमीटरहून अधिक भूमी आधीच संपादित करण्यात आली होती. ग्रीक वास्तुविशारद डॉक्सिआडिस यांनी आराखडा केला; रुंद रस्ते, आखीव वसाहती उभ्या राहिल्या. परंतु बंदर बांधणाऱ्या हंगामी मजुरांना परवडेल असा निवारा त्या आराखड्यात पुरेसा नव्हता. ते शेजारच्या आशामान येथे राहू लागले आणि पाहता पाहता तेथे दुसरे, बेशिस्त नगर वाढले. आराखड्याने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनी आराखड्याबाहेर आपले नगर वसवले.

हीच चूक वस्त्या उठवताना पुन्हा घडते. जुने संगणक आणि वाहने मोडून धातू काढणारा आक्रातील आग्बोग्ब्लोशी येथील भंगारबाजार 2021 च्या जुलैत हटवण्यात आला. तेथील विषारी धुराबद्दलची चिंता रास्त होती. पण काम थांबले नाही. ते विखरून लगतच्या वस्तीत शिरले. उपजीविकेची दुसरी सोय न करता फिरवलेला बुलडोझर प्रश्न सोडवत नाही, केवळ त्याची जागा बदलतो.

या सर्वांच्या मुळाशी उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. बृहद् आक्रा प्रदेशात आज 29 स्थानिक सभा आहेत. नदी एक, पण तिच्या काठचे कारभारी अनेक. प्रत्येक सभेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सभा त्याला संमती देते; नागरिक त्याला थेट निवडू शकत नाहीत. ही पद्धत बदलण्याच्या दिशेने 2019 मध्ये योजलेले सार्वमत ऐन वेळी रद्द झाले. ज्याची खुर्ची वरून येते, त्याला खालच्या गटाराची दुर्गंधी उशिराच जाणवते.

तरीही निराशेचे कारण नाही. पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेने 2019 मध्ये 20 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेमापासून व्होल्टा सरोवराजवळील म्पाकादानपर्यंतचा लोहमार्ग 2024 मध्ये कार्यान्वित झाला. भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीने तो बांधला. सरोवरातील जलमार्गाने उत्तरेला बंदराशी जोडणे हा त्यामागील हेतू आहे. उत्तरेत कामधंदा पोहोचला, तर नगराकडे जाणे ही तेथील मुलींची अगतिकता न राहता निवड होईल.

घानाची नगरे वाढणारच आहेत. ती वाढ रोखण्याचा विचार व्यर्थ आहे. भूमीचा निर्विवाद लेखा, मजुराला परवडणारी खोली, वाहते गटार आणि नागरिकांना जाब देणारा कारभारी या चार गोष्टी माणसांच्या आधी पोहोचतात की मागाहून, यावर त्या वाढीचे फळ अवलंबून आहे. घमेले डोक्यावर घेऊन केजेतियाच्या गर्दीतून वाट काढणारी मुलगी ज्या आराखड्यात मोजली जाईल, तोच आराखडा टिकेल.