चढ्या भावाचे सोने आणि निवृत्तीचा पैसा

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या नोकरांची जुनी वसाहत. पूर्वी तिला विनय नगर म्हणत. तेथे राहणारा नोकर निवृत्त झाला की वेतन थांबते आणि काही महिन्यांत सरकारी घरही सोडावे लागते. हाती ठोक रक्कम येते. नेमका तेव्हाच सोन्याचा भाव चढलेला असेल, तर घरात प्रश्न निघतो: आणखी चढण्यापूर्वी थोडे घेऊन ठेवावे काय?

उत्तर देण्यापूर्वी 1980 चा जानेवारी आठवावा. इराणमधील क्रांती, अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य आणि जगभरची महागाई यांनी लोक धास्तावले होते. लंडनमध्ये सोने औंसाला 850 डॉलरवर गेले. तो भाव टिकला नाही. 1999 मध्ये तो सुमारे 250 डॉलरपर्यंत उतरला, आणि 850 चा आकडा पुन्हा ओलांडण्यास 2008 साल उजाडावे लागले. अठ्ठावीस वर्षे! साठी गाठलेल्या माणसाने एवढी वाट कशाच्या बळावर पाहावी?

भारतात हा फटका तेवढा जाणवला नाही. त्याचे मोठे कारण सोन्यात नसून रुपयात आहे. 1980 मध्ये डॉलर सुमारे 8 रुपयांना मिळे, 1999 मध्ये त्याला सुमारे 43 रुपये मोजावे लागत. त्यामुळे तिकडे घसरलेले सोने इकडे तिपटीच्या आसपास महागलेले दिसले. परंतु त्याच काळात संसाराचा खर्च त्याहून अधिक वाढला होता. सोन्याने कोणाला बुडवले नाही, असे मुलांना सांगणाऱ्या पिढीने हा दुसरा हिशेब सहसा मांडला नाही. अर्थात, उलट अनुभवही आहे: 2015 च्या मंदीत ज्याने सोने घेतले, त्याला 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखापलीकडे गेलेला पाहावयास मिळाला. पण मंदीत सराफाकडे गर्दी नसते.

भावाहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की सोने दरमहा काही देत नाही. 1 जानेवारी 2004 पूर्वी सेवेत आलेल्यांच्या निवृत्तिवेतनाला महागाईची जोड मिळते. त्यांच्या घरी चार तोळे पडून राहिले तरी चूल अडत नाही. त्यानंतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना निधीचा किमान 40 टक्के भाग वार्षिकीत घालावा लागतो, आणि ती वार्षिकी सहसा महागाईबरोबर वाढत नाही. ती उणीव उरलेल्या रकमेने भरून काढावयाची असते. तीच रक्कम सोन्यात अडकली, तर औषधपाण्यासाठी दागिना मोडावा लागतो. मोडताना घडणावळ आणि खरेदीच्या वेळचा 3 टक्के कर परत मिळत नाही. शिवाय पत्नीच्या हातातील पाटल्या मोडण्याचा विषय कोणत्या घरात सहज निघतो?

बँकेची तिजोरीही निर्धोक नव्हे. बँकेच्या चुकीने चोरी झाली, तरी 2022 पासून तिचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतेच आहे. सोन्याच्या भावाशी त्याचा संबंध नाही.

तरीही घ्यावयाचेच असेल, तर दागिन्याऐवजी हॉलमार्कचे वळे किंवा नाणे घ्यावे, तेही एकदम न घेता काही वर्षांत थोडेथोडे. पावती जपावी. आणि गरज पडल्यास त्यातील काय आधी मोडावयाचे, हे नवराबायकोने खरेदीच्याच दिवशी बोलून ठेवावे.