साक्षीला कोण उभं राहणार?

(कुपवाड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला विषय दिलाय 'खटले, पुरावे आणि आपण'. मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कायद्याचे बारकावे विचारायचे असतील तर इथं पहिल्या रांगेत दोन वकील मित्र बसलेत, त्यांना विचारा. पण पुरावा कसा टिकतो आणि कसा बिघडतो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. सर्व्हर बंद पडला की 'कुणी पाडला' हा आमचा पहिला प्रश्न नसतो. 'लॉग कुठं आहेत' हा असतो. लॉग नसतील तर कितीही आरडाओरडा करा, काही सिद्ध होत नाही.

सुरुवात मोहसीनपासून करतो. मोहसीन सादिक शेख, सोलापूरचा, पुण्यात आयटीची नोकरी करणारा विशीतला मुलगा. म्हणजे आपल्यापैकी निम्म्या लोकांसारखाच. २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परत येताना जमावानं त्याला मारलं. त्याआधी छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली होती. त्या चित्रांशी मोहसीनचा काडीचाही संबंध नव्हता. हिंदू राष्ट्र सेनेचा धनंजय देसाई आणि इतरांवर खटला भरला गेला.

जानेवारी २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टानं तीन आरोपींना जामीन दिला. आरोपींचं मोहसीनशी वैयक्तिक वैर नव्हतं, तो दुसऱ्या धर्माचा होता एवढंच, आणि धर्माच्या नावानं ते भडकले, ही गोष्ट त्या आदेशात आरोपींच्या बाजूनं धरली गेली. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला आणि कोर्टांनी देशातल्या बहुविध समाजाचं भान ठेवावं असं बजावलं. मधल्या काळात विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम खटल्यातून बाहेर पडले. डिसेंबर २०१८ मध्ये मोहसीनचे वडील सादिकभाई वारले. आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं सगळ्या आरोपींना संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं.

त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. मग मोहसीनला मारलं कुणी, हा एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारला. प्रश्न रास्तच होता, आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी तपास करणाऱ्यांची आणि खटला चालवणाऱ्या सरकारचीच आहे. त्यातून त्यांना मोकळं करायला मी आलेलो नाही. पण त्या चर्चेत एक गोष्ट फार कमी जणांनी विचारली. जमावानं केलेला खून कोर्टात सिद्ध करायला नेमकं काय लागतं?

एकानं एकाचा खून केला तर एक भरवशाचा साक्षीदारही पुरतो. कायद्यात साक्षीदारांची संख्या ठरलेली नाही. पण जमाव असला की कोर्ट जास्त सावध होतं. 'मसाल्टी' नावाचा १९६४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उत्तर प्रदेशातल्या खटल्यातला. तो आजही दंगलीच्या प्रत्येक खटल्यात निघतो. त्याचा अर्थ असा की आरोपींची संख्या मोठी असेल, तर एखाद्या आरोपीबद्दल दोन-तीन तरी साक्षीदारांनी सुसंगत सांगितलेलं असावं, अशी खबरदारी कोर्टानं घ्यावी. कारण गर्दीत बघ्या माणसाचंही नाव गोवलं जाऊ शकतं. हा नियम मला योग्य वाटतो. उद्या एखाद्या गर्दीच्या कडेला तुमचाच भाऊ उभा असेल. पण हिशेब बघा. वीस आरोपी, अंधारी वेळ, धावपळ, आणि प्रत्येक चेहऱ्यासाठी दोन-तीन माणसं कोर्टात येऊन बोट दाखवणारी. ती माणसं त्याच गल्लीत राहणारी, त्याच बाजारात भाजी घेणारी, आणि खटला आठ-नऊ वर्षं चाललेला.

आपल्याकडं लोकांना वाटतं पोलिसांनी जबाब लिहून घेतला की झालं. तसं नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. पूर्वी ते कलम १६१ होतं, आता नव्या संहितेत १८० आहे. तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्याला तो दाखवून विसंगती काढता येते, एवढाच त्याचा उपयोग. ओळखपरेडचंही तेच. ती आधाराला असते. खरी साक्ष म्हणजे कोर्टात, शपथेवर, उलटतपासणी झेलून दिलेली. ते दोन तास सगळ्या फाइलीपेक्षा जड असतात.

म्हणूनच साक्षीदार फितूर होणं ही किरकोळ बाब नाही. बेस्ट बेकरी आठवते का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा पाळण्यात असतील. १ मार्च २००२, वडोदरा, चौदा माणसं मारली गेली. २००३ मध्ये तिथल्या कोर्टानं एकवीसच्या एकवीस आरोपी सोडले, कारण ७३ पैकी ३७ साक्षीदार फिरले होते. एप्रिल २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं खटला पुन्हा चालवायला सांगितला, तोही गुजरातबाहेर, आपल्या महाराष्ट्रात. मुंबईत २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. २०१२ मध्ये हायकोर्टानं त्यातले पाच सोडले, चौघांची शिक्षा कायम ठेवली. ती टिकली ती बेकरीत जखमी झालेल्या कामगारांच्या साक्षींवर. टीव्हीवर चेहरा दुसराच होता, जाहिरा शेखचा. तिनं पुन्हा पुन्हा जबाब बदलला आणि सुप्रीम कोर्टानं अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद दिली. ज्यांच्यावर दबाव आणणारे असतात ते बाहेर राहतात आणि घर जळालेली मुलगी आत जाते, याचा मला आजही राग येतो. पण खटला कुणी तारला तर त्या कामगारांनी. त्यांची नावं आपल्यापैकी कुणाला पाठ नाहीत.

आता आपल्या शेजारच्या साताऱ्याकडं येऊ. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर झाला. त्या तपासाची गोष्ट कुठल्याही इंजिनिअरनं अभ्यासावी अशी आहे, म्हणजे प्रणाली कशी बिघडते हे समजायला. आधी पुणे पोलिसांनी एक जोडी पकडली, तिच्याविरुद्ध काही निघालं नाही. मग सीबीआयनं २०१६ मध्ये डॉ. वीरेंद्र तावडेला अटक केली आणि गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरारी माणसांची नावं घेतली. मग २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याच्या तपासातून सचिन अंदुरे आणि शरद कळसकर पुढं आले, आणि गोळ्या झाडणारे बदलले. बचाव पक्षाच्या वकिलाला यापेक्षा चांगली भेट कोण देणार? एवढं होऊनही १० मे २०२४ ला अंदुरे आणि कळसकरला जन्मठेप झाली. तावडे आणि इतर दोघे सुटले, आणि सूत्रधार शोधण्यात तपास यंत्रणा अपयशी ठरल्याचं न्यायाधीशांनी नोंदवलं.

तरी दोघांना शिक्षा झाली, ती प्रत्यक्षदर्शी साक्षीमुळं. साक्षीदारांपैकी एक महापालिकेचा सफाई कामगार. सकाळी पुलाजवळ झाडलोट करत होता. घटनेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी तो कोर्टात आला आणि समोरच्या दोघांकडं बोट दाखवलं. वृत्तवाहिन्यांवर तज्ज्ञ पिस्तुलाच्या अहवालावर भांडत होते. झाडू मारणाऱ्या माणसाची साक्ष उलटतपासणीत टिकली.

आता कडू विषय. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. बारांपैकी एक तर तुरुंगातच वारला होता. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी एनआयए कोर्टानं सोडले. त्या दहा दिवसांत महाराष्ट्रानं दोन तोंडांनी बोलून दाखवलं. पहिल्या निकालाला एक बाजू 'न्याय' म्हणाली, दुसरी 'अन्याय'. दुसऱ्या निकालाला बरोबर उलट. आपले व्हॉट्सअॅप ग्रुप काही वेगळे नव्हते.

निकाल वाचणारे किती? लोकल स्फोटांच्या निकालात हायकोर्टानं काय धरलं ते बघा. साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि मग एकदम त्यांना चेहरे आठवले. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. कबुलीजबाब एकमेकांच्या नकला वाटाव्यात इतके सारखे, आणि छळाच्या तक्रारी. पोलिसांपुढचा कबुलीजबाब साध्या खटल्यात चालत नाही. मोक्कात चालतो, म्हणून तो मोक्का. मालेगावात उलट चित्र. तिसाहून अधिक साक्षीदार फितूर झाले. मॅजिस्ट्रेटपुढं नोंदवलेल्या काही जबाबांच्या मूळ प्रतीच गहाळ झाल्या आणि झेरॉक्स चालेल का, हा वाद हायकोर्टापर्यंत गेला. सहा माणसं मेलेल्या खटल्यात मूळ कागद हरवतो! आमच्या क्षेत्रात कुणी असा डेटा हरवला तर दुसऱ्या दिवशी चौकशी बसते.

माझं म्हणणं असं की या दोन निकालांना एकच फूटपट्टी लावा. छळ करून घेतलेला कबुलीजबाब मुस्लिमाचा असला तर खोटा आणि साध्वीच्या खटल्यातला खरा, असं आपण म्हणू शकत नाही. म्हणायचं तर हे म्हणा की मूळ जबाब हरवले त्याला जबाबदार कोण, साक्षीदार एवढ्या संख्येनं फिरले तेव्हा सरकारी पक्षानं काय केलं, आणि एका निकालाविरुद्ध राज्य सरकार दोन दिवसांत सुप्रीम कोर्टात धावलं ती घाई दुसऱ्या वेळी कुठं गेली. मालेगावच्या पीडित कुटुंबांना स्वतः अपील करावं लागलं. यातला एकही प्रश्न विचारायला पुराव्याचा नियम खाली आणावा लागत नाही. सूरह निसामध्ये साक्षीबद्दल काय हुकूम आहे ते तुम्हाला माहीत आहे. साक्ष स्वतःविरुद्ध जावो की आईबापाविरुद्ध, ती सरळच हवी. तिथं 'आपल्या लोकांना सूट' असं कलम नाही.

आणि हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असंही समजू नका. नोव्हेंबर २०१७ ला इथं सांगली शहर पोलीस ठाण्यात अनिकेत कोथळेचं काय झालं? चोरीच्या संशयावरून दोन मुलं पकडली. पोलिसांनी सांगितलं, दोघं पळून गेले. प्रत्यक्षात अनिकेत कोठडीत मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. घरच्यांनी पळून गेल्याची गोष्ट पहिल्या दिवशी मान्य केली नाही, आणि त्याच्यासोबत पकडलेला दुसरा मुलगा जिवंत होता, म्हणून ती उघडी पडली. तो दुसरा मुलगा बोलला नसता तर कागदावर अनिकेत आजही फरारी राहिला असता.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. आजकाल प्रत्येक घटनेचा व्हिडिओ असतो. आपण काय करतो? लगेच दहा ग्रुपवर टाकतो आणि 'पुरावा आहे' म्हणतो. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ गेला की तो दाबला जातो, फाइल बदलते, कधी आणि कुठल्या फोननं घेतला ही माहिती पुसली जाते. प्रत्येक फाइलला हॅश असतो, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक बिट इकडचा तिकडं झाला तर ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हा हॅश लिहावा लागतो. एक भाग फोनवाल्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं. त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आपल्या जालन्याचाच आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निवडणुकीचा वाद, जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओवरून ठरायचं होतं. त्यात कोर्टानं सांगितलं की नक्कल आणणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्र त्याच्या मालकानं स्वतः साक्षीला उभं राहून दाखवलं तर गरज नाही.

म्हणजे पुन्हा तेच. फोन स्वतः बोलत नाही, फोनवाल्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. तेव्हा काही घडलं आणि तुमच्याकडं चित्रण असेल तर मूळ फाइल फोनमधून हलवू नका, कापू नका, गाणं-बिणं लावू नका. नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या, हॅश काढून तारीख-वेळेसह कागदावर लिहा. तो कसा काढायचा हे चहानंतर दाखवतो, पाच मिनिटांचं काम आहे. फोन पोलिसांनी ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. आणि ग्रुपवर टाकू नका. तुम्ही टाकलेला व्हिडिओ आधी आरोपीच्या वकिलाकडं पोचतो.

भीतीचं काय, असं विचाराल. भीती खरी आहे. ज्याच्या अम्मीला रोज त्याच रस्त्यानं दवाखान्यात जायचंय, त्याला 'घाबरू नको' म्हणणं सोपं आहे. पण एक दार आहे, ते फार कमी लोक ठोठावतात. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. आता नव्या संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्यानं अशी योजना करायचीच आहे. २०१८ च्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात समिती असते. साक्षीदार स्वतः, त्याचे घरचे, वकील किंवा तपास अधिकारी अर्ज करू शकतात. पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच दिवसांत द्यायचा असतो. घराजवळ गस्त, कोर्टात जाताना सोबत, आरोपीसमोर न येता साक्ष, गरज पडली तर नाव-पत्त्यात बदल, हे सगळं त्यात आहे. कागदावर आहे, हे मलाही कळतं. पण अर्जच आला नाही तर समिती कशाला बसेल? दहा अर्ज फेटाळले गेले तर ते दहा कागद घेऊन हायकोर्टात जाता येतं.

आणि मॅजिस्ट्रेटपुढं जबाब द्या, पूर्वीचं १६४, आताचं १८३. तो सहीचा, शपथेवरचा असतो. गंभीर घटनेत साक्षीदार असाल तर तपास अधिकाऱ्याला लेखी सांगा की माझा जबाब मॅजिस्ट्रेटपुढं नोंदवा. त्याची पोच घ्या.

संरक्षणाच्या अर्जाचा मराठी नमुना आम्ही तयार केलाय. दाराजवळच्या टेबलावर प्रती आहेत. कुपवाड, मिरज, सांगली या तिन्ही ठिकाणी साक्षीदारासोबत कोर्टाच्या तारखेला जाण्यासाठी माणसं हवी आहेत, निदान सहा-सहा. काम एवढंच, सकाळी अकरा ते संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी बाकावर बसायचं. काही बोलायचं नाही, घोषणा नाहीत, फोटो नाहीत. तारीख पडली की पुन्हा पुढच्या तारखेला यायचं. ज्यांना जमेल त्यांनी त्याच टेबलावरच्या वहीत नाव लिहा, आणि रजा कुठल्या वारी मिळू शकते तेही लिहा.